चौकटराजे

"गेलं!" असं म्हणून राजे खुर्चीत मागे रेलतात आणि माझ्या तोंडाकडे बघतात. स्क्रीनवर मघाशी चाळीसएक आयकॉन होते, ते सगळे नाहीसे झालेले असतात. मागे नुसतं काहीतरी हिरवट उरतं. मी "वा!" म्हणतो. हा 'वा' मी गेली दहा-बारा वर्षं म्हणत आलोय, त्यामुळे त्यात आता फारसा जीव राहिलेला नाही, पण राजांना तेवढा पुरतो. मग ते रिकाम्या जागी पुन्हा डबल क्लिक करतात. आयकॉन जागच्या जागी हजर.

"आलं!"

हा माणूस तुम्हीही पाहिलेला आहे. तुमच्या ऑफिसात असेल, सोसायटीत असेल; नात्यात असेल तर तुमची खैर नाही. तुम्ही त्याच्यासमोर एक साधं पत्र टाइप करायला बसता. तो आधी तुमचे आयकॉन लहान करतो, मग मोठे करतो, मग टास्कबारचा रंग बदलतो आणि वर "हं, आता बरं दिसतंय" असं म्हणून उठून जातो. पत्र राहतंच. माझ्या कॉम्प्युटरवर 'न्यू फोल्डर'पासून 'न्यू फोल्डर १७'पर्यंत नांदती कुटुंबं आहेत. ती पाहून राजे एकदा दारातूनच परत फिरले होते. "उकिरड्यात मी चपला घालून सुद्धा येत नाही," म्हणाले.

डोंबिवलीच्या आमच्या इमारतीत त्यांना चौकटराजे म्हणतात. म्हणजे तोंडावर 'राजे', पाठीमागे पूर्ण नाव. 'फेन्सेस' नावाचं एक सॉफ्टवेअर आहे, ते डेस्कटॉपवर अर्धपारदर्शक चौकटी आखून देतं. सांडलेले आयकॉन उचलून त्या चौकटींत बसवायचे, प्रत्येक चौकटीला नाव द्यायचं. राजांच्या चौकटींची नावं मला पाठ आहेत: 'बँक', 'लाइट बिल', 'आरत्या', 'सोसायटी – भांडण', 'सोसायटी – इतर' आणि 'बघू'. 'इतर'मध्ये दोन फायली आहेत. 'बघू' इतकी भरली आहे की तिला बाजूला सरकपट्टी आली आहे. रिकाम्या जागी डबल क्लिक केलं की चौकटींसकट सगळं गुप्त होतं, पुन्हा केलं की परत येतं. झालं. एवढ्यासाठी राजांनी डॉलर मोजलेत.

आणि डॉलर मोजणारा हा माणूस कोण? कोथिंबिरीच्या जुडीवर दोन रुपये सुटावेत म्हणून फडके रोडपासून स्टेशनपर्यंत भाव काढत जाणारा. टूथपेस्टची ट्यूब लाटण्याने लाटणारा. आलेली पाकिटं उलगडून, पाठकोरी बाजू वर करून, त्यांची क्लिपबोर्डला गड्डी लावणारा. सोसायटीच्या दिवाळी वर्गणीला यांचा हात खिशाच्या तोंडाशी येऊन थांबतो तो देवदिवाळीपर्यंत तिथेच असतो.

फेन्सेस बनवणारी 'स्टारडॉक' ही कंपनी मिशिगनमधल्या प्लिमथ गावची. राजांचा सख्खा भाचा डेट्रॉइटला गाड्यांच्या धंद्यात, राहायला शेजारच्या कँटनमध्ये. हे कळल्यावर राजांनी त्याला रात्री साडेअकराला फोन लावला.

"प्लिमथ तुझ्यापासून किती लांब रे?"

"दहा मिनिटं असेल, मामा. का?"

"मग असं कर, समक्ष जाऊन पैसे भरून ये. आणि पावतीवर शिक्का मारून घे, नुसती सही नको."

भाच्याने सोफ्यावर बसल्या बसल्या कार्डाने पैसे भरले आणि लायसन्सचा ईमेल मामाला पुढे धाडला. तो समक्ष गेला होता अशी राजांची अजून समजूत आहे. "आपल्यासाठी बर्फातून गेला पोरगा," असं ते सांगतात. लायसन्सचा तो लांबलचक नंबर त्यांनी एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर लिहून एलआयसीच्या पॉलिस्या आणि रेशनकार्ड यांच्यामध्ये ठेवला आहे. दुसरी प्रत लॉकरमध्ये, काकूंच्या पाटल्यांशेजारी.

तर ते 'गेलं! आलं!'. हा प्रयोग न पाहिलेला माणूस आमच्या इमारतीत नाही. प्लंबर सिंकखाली अर्धा आत गेलेला असताना राजांनी त्याला बाहेर काढून हे दाखवलं आहे. मुलाला सांगून आलेल्या मुलीच्या वडिलांना, पोह्यांची बशी त्यांच्या हातात असतानाच. (लग्न ठरलं. त्याचं श्रेय राजे फेन्सेसला देतात. सूनबाईंचं मत वेगळं आहे.) एकदा सत्यनारायणाला आलेले गुरुजी प्रसादाचं पान होईपर्यंत टेकले होते. राजांनी त्यांना खुर्ची दिली, माउस हातात घेतला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "गेलं!" गुरुजी दचकले. म्हणाले, "यजमान, आज तरी शुभ बोला."

पावसाळ्यात आमच्याकडे वीज गेली की अंधारात तिसऱ्या मजल्यावरून हमखास "गेलं!" ऐकू येतं. ती आली की सगळी इमारत "आलं!" म्हणते. लहान पोरांना वाटतं, राजेआजोबाच डबल क्लिक करतात.

राजांचं हे वेड सुरू झालं ते त्यांच्या निवृत्तीपासून. २०१२ च्या ऑक्टोबरअखेर ते बँकेतून निवृत्त झाले आणि फंडाच्या पैशातून नवा लॅपटॉप घेतला. त्याच ऑक्टोबरच्या २६ तारखेला मायक्रोसॉफ्टने 'विंडोज ८' बाजारात आणली होती आणि तिच्यातून स्टार्टचं बटण काढून टाकलं होतं. विंडोज ९५ पासून डाव्या कोपऱ्यात ठाण मांडून बसलेलं बटण! राजांनी लॅपटॉप उघडला, समोर रंगीबेरंगी फरशा, आणि कोपरा मोकळा. "सदतीस वर्षं नोकरी केली आणि निवृत्तीच्या आठवड्यात माझी सुरुवातच काढून घेतली," हे वाक्य त्या हिवाळ्यात मी किती वेळा ऐकलं याची गणती नाही.

गंमत पुढे आहे. ते काढलेलं बटण परत लावून देणारं 'स्टार्ट८' याच स्टारडॉकने विकायला काढलं, पाच डॉलरला एक सेंट कमी. तेव्हाच्या भावाने पावणेतीनशे रुपये. म्हणजे आपलीच उंबरठ्याची फळी एकाने उचलून न्यायची आणि दुसऱ्याने ती आपल्याच दारात आणून विकायची. असलं काम फुकटात करणारं 'क्लासिक शेल'ही होतं, हे मी त्यांना सांगितलं. त्यावर राजांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना दुसऱ्याच्या लग्नात आगंतुक जेवायला चला म्हणालो होतो. पुढच्या वर्षी ८.१ मध्ये बटण परत आलं, पण दाबलं की पुन्हा त्या फरशाच. २०१५ मध्ये विंडोज १० आली आणि मेनूही परत आला. तरी राजांनी 'स्टार्ट१०' घेतलंच. का? तर "यांचा काय भरवसा?" २०२१ मध्ये विंडोज ११ आली, तिने स्टार्टचं बटण मधोमध नेऊन ठेवलं आणि टास्कबार वर किंवा बाजूला न्यायची सोय काढली. राजांचा टास्कबार कायम वर. ("डोकं वर असतं माणसाचं.") त्यांनी मला मुद्दाम खाली बोलावून घेतलं आणि फक्त एवढंच म्हणाले, "बघा." मग 'स्टार्ट११' घेतलं.

हिशेबी मायक्रोसॉफ्टलाही हे वेड फार आधीच ठाऊक होतं. १९९५ मध्ये विंडोज ९५ बरोबर त्यांनी 'प्लस!' नावाचा जोडपॅक वेगळे पैसे घेऊन विकला. त्यात होतं काय? थीम, वॉलपेपर, माउसचे नवे बाण. तुमच्या-माझ्या पिढीने साहेबाची पाठ वळली की ऑफिसात जे पिनबॉल खेळलं ते त्याच पॅकातून आलं. त्याच्याही आधी, १९८९ मध्ये, 'आफ्टर डार्क' नावाच्या स्क्रीनसेव्हरसाठी लोक पैसे देऊ लागले होते; त्यातले पंख लावून उडणारे टोस्टर पुढे जगभर गाजले. आणि २००९ मध्ये छोट्या, स्वस्त लॅपटॉपांसाठी 'विंडोज ७ स्टार्टर' निघाली, तिच्यात तर वॉलपेपर बदलायचीच मुभा नव्हती. गरिबाने भिंतीवर कॅलेंडरही लावायचं नाही! राजांच्या पुतण्याकडे तसला लॅपटॉप होता. राजे त्याला भेटायला जात, पण त्या खोलीत बसत नसत.

तरुणांना हसायचं कारण नाही. राजांच्या नातवाने स्वतःच्या खाऊच्या पैशातून 'वॉलपेपर इंजिन' घेतलंय. त्यात वॉलपेपर हलतात. गेल्या जुलैत बाहेर डोंबिवलीत धो धो पाऊस, खाली पार्किंगमध्ये गुडघाभर पाणी आणि हा स्क्रीनवर जपानमधला पाऊस लावून बसलेला, पैसे देऊन. आजोबांच्या पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात 'रेनमीटर'चा काटा असतो, तो प्रोसेसरचं तापमान दाखवतो. रेनमीटर फुकट आहे, म्हणून राजे त्याचा उल्लेख करत नाहीत. एकदा डॉक्टरांनी विचारलं, साखर किती होती शेवटची? राजे म्हणाले, "ते हिला माहीत. प्रोसेसर बावन्न आहे."

माझा मुख्य आक्षेप मात्र व्यवहाराचा होता. आयकॉन लपवायला पैसे लागतच नाहीत. डेस्कटॉपवर राइट क्लिक करा, 'व्ह्यू'मध्ये जा, 'शो डेस्कटॉप आयकॉन्स'वरची खूण काढा. खुद्द विंडोजमधली सोय, दमडी न देता. हा शोध मी एका रविवारी मोठ्या आनंदाने राजांना करून दाखवला. त्यांनी शांतपणे पाहिलं. मग म्हणाले, "तीन टेबलं फिरवलीत तुम्ही मला. बँकेत आयुष्यभर मी लोकांना तीन टेबलं फिरवली. आता मला एकाच टेबलावर काम हवंय."

बँकेचा विषय निघाला की काकू आतून बोलतात. "अहो, तिथल्या कॉम्प्युटरवर ह्यांनी एकदा घरचा फोटो लावला होता, तर वरून पत्र आलं. सगळ्या शाखांना एकच चित्र, बँकेचं. त्याला हात लावायचा नाही." मग थोडं थांबून, "इथे तरी काय आहे त्यांचं? ओटा माझा, हॉल त्या इंटिरियरवाल्याचा, बाल्कनीत सुनेची झाडं. बसू दे त्यांना त्या डब्यात." यावर राजे काही बोलत नाहीत. 'बघू'मधली एक फाइल 'आरत्या'त नेतात आणि परत आणतात.

आता एक गोष्ट सांगायला हवी. नाइलाजाने सांगतोय, कारण इतकी वर्षं केलेली थट्टा तिच्यामुळे थोडी पातळ होते.

मागच्या श्रावणात सोसायटीच्या नोटिशीची प्रिंट काढायला मी खाली गेलो. दार उघडंच होतं. काकू देवळात गेलेल्या. राजे माझ्याकडे पाठ करून बसले होते, माझी चाहूल त्यांना लागली नव्हती. त्यांनी डबल क्लिक केलं. आयकॉन गेले, चौकटी गेल्या. आणि राजे हळूच, स्वतःशीच म्हणाले, "आलं."

मला वाटलं, चुकले. म्हणून मी पहिल्यांदाच त्या हिरवटाकडे नीट पाहिलं. इतकी वर्षं ती मला विंडोज एक्सपीची प्रसिद्ध टेकडी वाटत होती, चार्ल्स ओरिअरने १९९६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सोनोमात टिपलेली. राजे आयकॉन घालवत होते, मी आयकॉन जाताना बघत होतो. मागे काय उरतं ते बघायचं माझ्या कधी डोक्यातच आलं नाही. टेकडी नव्हतीच ती. राजापूर तालुक्यातलं घर होतं, जांभ्याच्या चिऱ्याचं, पावसाने काळवंडलेलं, पायऱ्यांवर शेवाळ. फोटो जुना, स्कॅन केलेला. मधून आडवी घडी गेलेली अजून दिसत होती. दारात एक बाई अर्धी आत, अर्धी बाहेर, पदराला हात पुसत उभी.

"आई," राजे म्हणाले. मी आलोय हे त्यांना तोवर कळलं होतं. त्यांनी पुन्हा डबल क्लिक केलं. सगळ्या चौकटी परत आल्या, तेव्हा मी पाहिलं: 'बँक' कौलांवर होती, 'सोसायटी – भांडण' गोठ्यावर, 'बघू' अंगणभर पसरलेली. दारावर एकही चौकट नव्हती.

"छान आहे घर," मी म्हणालो. काहीतरी म्हणायला हवं होतं.

"वाटणीत विकलं. आता तिथे ते होमस्टे का काय करतात. मी गेलो होतो एकदा, चौकशीला." राजांनी क्लिपबोर्डवरचं वरचं पाकीट काढून माझ्यापुढे धरलं. पाठकोऱ्या बाजूला त्यांच्या रेखीव बँकेच्या अक्षरात हिशेब मांडलेला होता. फेन्सेस, एकदाच, सहाशे रुपये. त्याखाली खोली, एका रात्रीची, साडेतीन हजार.

"नाश्ता वेगळा," राजे म्हणाले.