परदेशी बाजारातील जालनेकर: एक अभ्यास

जालना जिल्ह्यातील माणसाने परदेशी बाजारात जाऊन भाव पाडून मागावा, ही प्रथा विमानप्रवास स्वस्त झाल्यावर सुरू झाली, असा एक समज आहे. तो इतिहासाच्या कसोटीला उतरत नाही. भोकरदन, म्हणजे प्राचीन भोगवर्धन, हे सातवाहनकाळातले व्यापारी नगर होते, तेथील दात्यांचे उल्लेख सांची आणि भारहुत येथील स्तूपांच्या लेखांत सापडतात, आणि १९७० च्या दशकातील उत्खननात तेथे मिळालेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे इटलीतील पाँपेई येथे १९३८ मध्ये सापडलेल्या हस्तिदंती मूर्तीशी इतके साम्य आहे की, पाँपेईच्या मूर्तीचे मूळ काही अभ्यासकांनी याच परिसरात शोधले आहे. पाँपेई इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडले गेले, त्यामुळे पहिला भाव काय सांगितला होता आणि गिऱ्हाईक किती वेळा पाठ फिरवून निघाले होते, याची नोंद उरलेली नाही. मात्र सांगितल्या भावात ती मूर्ती गेली नसावी, एवढे अनुमान भोकरदनच्या आजच्या बाजारावरून बिनधोक काढता येते.

पुढे एक काळ असा आला की, परदेश बैलगाडीच्या टप्प्यात आला. जालना १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते, तर तेथून तीसेक किलोमीटरवरचे देऊळगाव राजा वऱ्हाडात, म्हणजे १८५३ पासून इंग्रजांच्या कारभाराखाली असलेल्या मुलखात होते. संस्थानाचा स्वतःचा रुपया होता, त्याला ‘हाली सिक्का’ म्हणत. इंग्रजी मुलखातल्या रुपयाला ‘कलदार’ म्हणत. आणि सात हालीला सहा कलदार असा साधारण हिशेब होता. शिवाय संस्थानाच्या हद्दीवर ‘करोडगिरी’चे नाके असत, म्हणजे आयात-निर्यातीच्या मालावर जकात वसूल करणारे सरकारी खाते तेथे बसलेले असे. देऊळगावच्या बालाजीच्या यात्रेत तांब्याचा हंडा पसंत करणाऱ्या जालन्याच्या गृहिणीला त्यामुळे सातास सहा हे त्रैराशिक आधी मनात सोडवावे लागे, मग घासाघीस करावी लागे आणि घरी परतताना नाक्यावर काय सांगायचे हेही तयार ठेवावे लागे. तिची नात आज थायलंडचा बाट आणि रुपया यांचा मेळ घालताना मोबाइल काढते, यावरून शिक्षणाच्या प्रसाराबद्दल कोणताही निष्कर्ष काढणे येथे टाळले आहे.

या परंपरेला अलीकडे नवे बळ दिले ते बियाण्यांनी. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालन्यात ‘महिको’ची स्थापना केली, त्यानंतर तेथे अनेक बियाणे कंपन्या उभ्या राहिल्या, आणि लोखंडी सळ्यांच्या कारखान्यांइतकीच बियाणे हीही शहराची ओळख झाली. बियाणे आणि खते यांच्या व्यापारात ‘स्कीम’ नावाची एक व्यवस्था असते, तिचा अर्थ असा की, कृषी सेवा केंद्राच्या चालकाने हंगामात ठरलेल्या टार्गेटइतका माल विकला, तर कंपनी त्याला सहलीला पाठवते. ही सहल बऱ्याचदा थायलंडची असते, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये त्या देशाने भारतीय पर्यटकांसाठी व्हिसाची अट उठवली, तेव्हा तर उरलीसुरली अडचणही संपली. कपाशीची किती पाकिटे खपली यावर एखाद्या कुटुंबाला बँकॉक दिसणार की नाही हे ठरत असल्याने, मृग कोरडा गेला की तेथील पर्सच्या दुकानदारालाही त्याची थोडी झळ पोहोचत असली पाहिजे. मात्र कंपनीचे तिकीट चालकापुरते असते. पत्नी, मुलगा आणि आई यांची तिकिटे खिशातून काढावी लागतात, आणि येथेच या अभ्यासाचा मध्यवर्ती सिद्धांत उभा राहतो. तो असा की, खिशातून गेलेली तिकिटाची रक्कम बाजारातील घासाघिशीतून ‘वसूल’ होऊ शकते, अशी संपूर्ण कुटुंबाची प्रामाणिक श्रद्धा असते. एका पर्सवर शंभर बाट वाचले, तर तीन तिकिटे वसूल होण्यासाठी किती पर्स घ्याव्या लागतील, हा हिशेब कोणी करत नाही, कारण श्रद्धेचा हिशेब करू नये असा संस्कार असतो.

अशा कुटुंबाच्या बाजारातील दिवसाची सुरुवात चलनाच्या वादाने होते. बाटचा दर दोन ते तीन रुपयांच्या दरम्यान कोठेतरी असतो, आणि या मोकळ्या जागेत प्रत्येक सदस्य आपापल्या सोयीचा आकडा निवडतो: कुटुंबप्रमुख सरळ तिनाने गुणतो, म्हणजे प्रत्येक वस्तू महाग ठरते, गृहिणी दोनाने गुणते, म्हणजे प्रत्येक वस्तू घेण्याजोगी ठरते, मुलगा दशांश चिन्हासह अचूक दर सांगतो, म्हणून त्याचे कोणी ऐकत नाही. आजी कशानेच गुणत नाही. तिच्या मनातले सर्व भाव तिच्या लग्नाच्या बस्त्याच्या वेळचे असल्याने जगातला कोणताही आकडा ऐकून तिच्या तोंडून जो खराखुरा ‘अगं बाई!’ निघतो, तो विक्रेत्याला भाषा न कळताही कळतो. अनुभवी गृहिणी म्हणूनच सासूला हॉटेलवर विश्रांती घेऊ देत नाही.

बाजारात शिरल्यावर प्रथम टाळली जाणारी जागा म्हणजे वातानुकूलित मॉल. किमतीची चिठ्ठी लावून एकच भाव सर्वांना सांगण्याची पद्धत पॅरिसमध्ये अरिस्तिद बूसिको यांच्या ‘बाँ मार्शे’ या दुकानाने १८५० च्या दशकात रूढ केली, म्हणजे मानवी व्यापाराच्या इतिहासात ती अगदी कालपरवाची आहे; आणि जालन्याच्या मोंढ्यात, म्हणजे मराठवाड्यात धान्याच्या घाऊक बाजारपेठेला ज्या नावाने ओळखतात तेथे, वाढलेल्या माणसाला ती काहीशी अपमानास्पद वाटते. पोत्यात हात घालून ज्वारीची मूठ वर काढावी, दाणा चावून पाहावा, नाक मुरडावे आणि मग बोलायला सुरुवात करावी, हा जेथील शिष्टाचार, तेथल्या माणसाला यंत्राने कागदावर छापलेला भाव दाखवणे म्हणजे त्याच्याशी बोलायची इच्छा नाही असे कळवण्यासारखेच होय. अमेरिकी मानवशास्त्रज्ञ क्लिफर्ड गीर्ट्झ यांनी मोरोक्कोतील सेफ्रू या गावच्या बाजाराचा अभ्यास करून १९७८ मध्ये असे मांडले की, अशा बाजारात सर्वांत दुर्मीळ वस्तू माहिती ही असते, आणि म्हणून शहाणे गिऱ्हाईक अनेक दुकाने हिंडण्यापेक्षा एकाच दुकानदाराला खोलवर खोदत बसते. जालन्याचे कुटुंब दोन्ही करते. ते बँकॉकमधील प्रातुनाम बाजाराच्या एका गल्लीतील सर्व दुकानदारांना एकाच बॅगेचा भाव विचारते, मग पहिल्याकडे परत येऊन खोदायला बसते, आणि गीर्ट्झ यांना हे पाहायला मिळाले असते तर त्यांना निबंधात निदान एक तळटीप वाढवावी लागली असती.

या खोदकामाचे मुख्य साधन कॅल्क्युलेटर असते, आणि त्यावर येथे थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे. थाई विक्रेती भाव उच्चारत नाही. ती कॅल्क्युलेटरवर साडेचारशे हा आकडा उमटवते आणि यंत्र गिऱ्हाइकाच्या हातात देते. गिऱ्हाईक तो आकडा पुसून दीडशे लिहिते आणि यंत्र परत करते. ती हसते, चारशे लिहिते; इकडून एकशे साठ जातात. एकही शब्द न बोलता चाललेला हा व्यवहार पाहून मुलाला गंमत वाटते, पण कुटुंबप्रमुखाला त्यात ओळखीचे काही दिसते, कारण त्याने लहानपणी गुरांच्या बाजारात वडिलांना बैल घेताना पाहिलेले असते. तेथे घेणारा आणि दलाल रुमालाखाली किंवा उपरण्याखाली एकमेकांचे हात धरत, धरलेल्या बोटांच्या संख्येवरून आकडा ठरे, तो शेकडा की हजार हे ज्याचे त्याला कळे, आणि सभोवती जमलेल्या पंचवीस माणसांना दोघांच्या चेहऱ्याखेरीज काहीही वाचता येत नसे. बाजार समित्यांनी धान्याचा लिलाव उघड केला तरी गुरांच्या बाजारात रुमाल टिकून राहिला, यामागे मोठे शहाणपण होते, हे बँकॉकमध्ये पटते. कारण कॅल्क्युलेटरचा आकडा मागे उभ्या असलेल्या प्रत्येकाला दिसतो, आणि मागे बहुधा त्याच सहलीतील, जालना जिल्ह्यातल्याच परतूरच्या किंवा मंठ्याच्या बियाणे विक्रेत्याची पत्नी उभी असते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. परदेशी बाजारात जालनेकराचा सामना थाई व्यापाऱ्याशी असतो, असे वरवर पाहणाऱ्यास वाटेल. वस्तुतः तो सहप्रवाशांशी असतो. विक्रेतीने दोनशे दहावर सौदा तोडला, म्हणजे पक्का केला, तरी तो आनंद बसमध्ये चढेपर्यंतच टिकतो. तेथे तीच पर्स एकशे नव्वदला घेतलेली कोणी भेटली, तर पुढचा सारा प्रवास खिडकीबाहेर पाहत होतो, आणि ‘त्यांच्या पर्सची चेन हलकी आहे’ हा शोध संध्याकाळपर्यंत लागतोच.

सकाळी पहिले गिऱ्हाईक होण्याचा लाभ मात्र या कुटुंबाला न सांगता कळतो. पहिल्या विक्रीचे पैसे हातात पडताच थायलंडमधील अनेक विक्रेते त्या नोटा दुकानातील इतर मालावर थोपटतात, म्हणजे दिवसभर धंदा बरा होईल. हे पाहून गृहिणी ‘बोहनी’ एवढेच पुटपुटते आणि त्या क्षणापासून विक्रेतीला ‘मावशी’ म्हणू लागते. नाते जडल्यावर भावात आणखी वीस बाट कमी मागणे हा हक्क होतो, आणि दोन-तीन हेअरपिना वर मागणे हे कर्तव्य होते.

दुपारनंतर हे कुटुंब फाहुरातमध्ये पोहोचते. बँकॉकचा हा कापडबाजार शीख आणि इतर भारतीय व्यापाऱ्यांचा आहे, जवळच त्यांचा मोठा गुरुद्वारा आहे, आणि तेथील दुकानांत भारतातून आलेले कापडही मिळते. समुद्र ओलांडून आलेली स्त्री भारतातूनच आलेल्या साडीचा भाव हिंदीत पाडून मागते, दुकानदार चहा मागवतो, गावाची चौकशी होते, आणि दिवसभरात प्रथमच सर्वांना मोकळे वाटते. येथे कुटुंबाची सर्वांत मोठी फसगत होते, कारण कॅल्क्युलेटरपुढे टिकलेला निर्धार चहापुढे टिकत नाही.

कुटुंबप्रमुखाच्या खरेदीविषयी लिहिण्यासारखे थोडेच आहे, कारण तो खरेदी करत नाही. तो संत्र्याचा रस विकणाऱ्याच्या गाड्यापुढे थांबतो. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे आणि तिची खरेदी-विक्री टनावर होते, त्यामुळे बाटलीवर भाव असणारे फळ ही त्याला मुळातच संशयास्पद गोष्ट वाटते. तो फळ हातात घेऊन वजन अजमावतो, साल दाबून पाहतो, ‘आंबिया बहार’ की ‘मृग बहार’, म्हणजे कोणत्या हंगामातल्या फुलोऱ्याचे फळ, असा प्रश्न मनात उभा करतो आणि टनाचा दर विचारायला भाषा नसल्याने खिन्न होतो. पुढे कोठेतरी गोड चिंचेचा डबा घेतला जातो. घराच्या मागे चिंचेचे झाड असणाऱ्या माणसाने परदेशातून चिंच आणणे, याचे स्पष्टीकरण अद्याप कोणत्याही अर्थशास्त्रज्ञाने दिलेले नाही.

रात्री हॉटेलच्या खोलीत ताणकाट्याला, म्हणजे आकड्याला अडकवून वजन करण्याच्या काट्याला, बॅगा टांगल्या जातात. हा काटा घरूनच आणलेला असतो, आणि मापाड्याच्या गांभीर्याने तो धरणारा कुटुंबप्रमुखच असतो. विमान कंपनीच्या मर्यादेपेक्षा जास्त भरलेले किलो आजीच्या हातातील पिशवीत जातात, कारण वृद्धांच्या पिशवीकडे कोणी पाहत नाही.

खऱ्या अर्थाने घासाघीस संपते ती जालन्यात, आणि तेथे तिचा क्रम उलटा होतो. दिलेल्या दोनशे दहाचे घरी पोहोचेपर्यंत एकशे ऐंशी होतात, शेजारणीसमोर दीडशे होतात आणि माहेरी फोन करताना ‘जवळजवळ फुकटच’ होतात. तिकिटाची रक्कम अखेर वसूल होते ती याच मार्गाने. वस्तू समोर ठेवून ‘सांगा बरं, केवढ्याला असेल?’ हा प्रश्न पाहुण्याला विचारला जातो, आणि त्याचे उत्तर हा माहितीचा विषय नसून सौजन्याचा असतो. तेव्हा जालन्यात कोणाकडे चहाला जाण्याचा योग आला आणि बँकॉकची पर्स पुढे आली, तर वाचकांनी मनात येईल त्याच्या दुप्पट किंमत सांगावी, खरा आकडा ऐकून किमान एकदा ‘काय सांगता!’ म्हणावे, आणि तशीच पर्स छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यात पाहिल्याचे मुळीच बोलू नये.