भातुकलीतलं ऑफिस

मी पुरोगामी आहे हे लोकांच्या लक्षात यावं म्हणून मला फार कष्ट घ्यावे लागतात. मोर्च्यात ऊन लागतं, जाडी पुस्तकं वाचताना डोळा लागतो. त्यामानाने मुलांचे वाढदिवस सोयीचे. मुलीला ट्रक द्यायचा, मुलाला भांडीकुंडी द्यायची आणि केक कापून होईपर्यंत कोपऱ्यात विचारवंतासारखं उभं राहायचं. "तुमचं आपलं काहीतरी वेगळंच असतं हं!" असं कुणीतरी म्हणतंच. त्या एका वाक्यासाठी मी शे-दोनशे रुपये जास्त मोजायलाही तयार असतो.

खेळण्यांचा दुकानदार मात्र मला दाद देत नाही. "मुलगा का मुलगी?" तो विचारतो. "मूल," मी बाणेदारपणे सांगतो. "बरं. मग मुलाचं दाखवू का मुलीचं?" एवढं बोलून तो माझा निकाल लावतो. एका भिंतीवर जेसीबी, बंदुका, रिमोटच्या गाड्या. समोरच्या भिंतीवर गुलाबी किचन सेट, गुलाबी मिक्सर आणि गुलाबी झाडू-सुपली. आता गंमत बघा. जेसीबीशी खेळलेल्या पोरांपैकी मोठेपणी जेसीबी चालवणारा शोधून काढावा लागेल. झाडूशी खेळलेल्या पोरींना शोधावं लागत नाही. मुलांना आपण स्वप्नं विकत घेऊन देतो आणि मुलींना रंगीत तालीम.

हा काही फक्त आपल्याकडचा प्रकार नाही. 1992 साली अमेरिकेत मॅटेल कंपनीने बोलणारी बार्बी काढली. तिच्या तोंडी घातलेल्या अनेक वाक्यांपैकी एक होतं, गणिताचा तास अवघड असतो बाई, अशा अर्थाचं. लोक भडकले, कंपनीने ते वाक्य मागे घेतलं. पुढच्या वर्षी काही खोडकर मंडळींनी दुकानांतून बोलणाऱ्या बार्ब्या आणि बोलणारे जी. आय. जो सैनिक विकत आणले, त्यांच्या पोटातले आवाज आपसात बदलले आणि खेळणी गुपचूप पुन्हा दुकानांत नेऊन ठेवली. बार्बी सुडाची भाषा करू लागली आणि दांडगा सैनिक लग्नाचे बेत आखू लागला. इतकी अक्कलहुशारीची खोडी आपल्याला सुचली नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

आता थोडं भातुकलीबद्दल. थोडं म्हणतोय खरा, पण माझ्यावर विश्वास ठेवू नका. आमच्या ताईची भातुकली तुळशीबागेतली होती, पितळेची. सावंतवाडीच्या चितारआळीतली रंगीत लाकडी भातुकली मी नंतर पाहिली. तीही देखणी, पण पितळ ते पितळ. बोटभर उंचीच्या बंबाला खरी तोटी होती. जात्याचा खुंटा धरून फिरवलं तर वरची तळी खरंच फिरायची. सोऱ्याला शेवेची आणि चकलीची अशा दोन वेगळ्या चकत्या होत्या. विळीच्या टोकाला खोबरं खवायचे दातेसुद्धा होते, आणि ते मोजता येत होते. मोदकपात्राच्या चाळणीतून मी एका डोळ्याने तासन्‌तास खिडकीबाहेर बघत बसायचो. चुरमुऱ्यांचा भात, गुळाच्या पाण्याची आमटी, शेंगदाण्याच्या कुटाची कोरडी भाजी असा बेत असायचा. चालत्या इंजिनापेक्षा ही भांडी मला जास्त आवडायची.

पण भातुकलीत मुलग्याला एकच काम. ऑफिसला जाणे. ताई हातात चौकोनी डबा देऊन म्हणायची, "चला, निघा, उशीर झाला." मग मी वाड्याला एक चक्कर मारून यायचो आणि विचारायचो, "काय केलंयस जेवायला?" एवढाच संवाद. तो मी इतका घोटला, की मोठेपणी त्यासाठी वेगळं प्रशिक्षण लागलं नाही. फक्त खोटं ऑफिस जाऊन खरं आलं.

ताईची भातुकली मात्र फार लवकर खरी झाली. ती पाचवीत असताना आईला टायफॉइड झाला आणि ताईने घरचं रांधलं. आल्यागेल्यांनी तिचं कौतुक केलं. "हाताला चव आहे पोरीच्या!" तिचा धाकटा भाऊ त्या वेळी काय करत होता, हे कुणी विचारलं नाही. तो पानावर बसून पोळी करपल्याची तक्रार करत होता. कुकरच्या वाफेने भाजल्याचा डाग ताईच्या मनगटावर अजून आहे. तो बांगड्यांखाली झाकला जातो, म्हणून तिला त्याचं काही वाटत नाही असं ती म्हणते. मला वाटतं, आणि त्यावर विनोद सुचत नाही.

त्याच ताईच्या नातवाच्या चौथ्या वाढदिवसाला मी स्टीलची भातुकली नेली. आदल्या महिन्यात त्याच्या चुलत बहिणीला ट्रक दिला होता, तेव्हा टाळ्या पडल्या होत्या. "अगदी मुलासारखी आहे हो!" म्हणून तिची आजी धन्य झाली होती. या वेळी शेगडी बाहेर निघाली आणि खोलीत एकदम शांतता पसरली. शेवटी मुलाच्या बापाने बाजू सावरली, "शेफ होणार वाटतं आमचा साहेब! फाइव्ह स्टारमध्ये!" म्हणजे बघा, पोरीच्या हातात ट्रक ही बढती, पोराच्या हातात शेगडी ही बदली. ती पचवायची तर पंचतारांकित हॉटेल मध्ये आणावं लागतं. शेगडीशी खेळणाऱ्या एकाही पोरीला आजवर कुणी शेफ म्हटलेलं मी ऐकलं नाही. आपण मुलींना खुशाल बाहेर सोडलं, पण मुलांना काही आत घेतलं नाही. कारण स्वयंपाकघर हलकं, हे आपल्या सगळ्यांचं मनातल्या मनात ठरलेलं आहे. माझंही असणार. नाहीतर टाळ्यांची वाट बघत मी कोपऱ्यात कशाला उभा राहिलो असतो?

साहेबांनी मात्र कुणाकडे लक्ष न देता चूल मांडली आणि मला समोर बसवलं. सवयीने मी उठलो, "मी ऑफिसला जाऊन येतो हं," म्हणालो. "आज रविवार आहे आजोबा," तो म्हणाला आणि रिकामी विळी माझ्यापुढे सरकवली. "कांदा चिरा."

मी चिरला. त्याने वाकून नसलेल्या फोडी तपासल्या.

"एवढा जाड?"

मागे ताई इतकी हसली, की तिला ठसका लागला. तो कांदा मी पुन्हा चिरायला घेतला.