सिस्टर, मूळ प्रत दाखवा

सरकारी दवाखान्यात नर्सची जागा रिकामी आहे हे रुग्णाला पाच मिनिटांत कळतं. सलाईन संपून नळीत रक्त चढलं की कळतंच. सरकारला कळायला वेळ लागतो. आधी आरक्षणाची बिंदुनामावली तपासायची, मग मागणीपत्र, मग वित्त विभागाची मान्यता, आणि मान्यता आली रे आली की आचारसंहिता.

एवढ्यातून एखादी जाहिरात निसटते. २०२३ मध्ये आरोग्य विभागाने १०,९४९ पदांची काढली होती. खुल्या प्रवर्गाला शुल्क हजार रुपये, मागासवर्गीयांना नऊशे. कायम नोकरी नाही म्हणून अर्ज करणाऱ्याकडूनच हे घ्यायचे, आणि भरती लांबली तरी व्याज आपल्याकडेच.

त्याआधीची २०२१ ची भरती तर अभ्यासक्रमातच घ्यावी. २५ आणि २६ सप्टेंबरची परीक्षा आदल्या रात्री पुढे ढकलली, तेव्हा निम्म्या पोरी एसटीत बसलेल्या होत्या. ऑक्टोबरमध्ये घेतली, तर पेपर फुटला. तपास करता करता पोलीस थेट आरोग्य विभागाच्या सहसंचालकापर्यंत पोचले आणि त्यांना अटक झाली. संसर्गाचा उगम घरातच निघाला म्हणायचा. शेवटी परीक्षा रद्द. वय मात्र कुणाचं रद्द होत नाही.

परीक्षेत नर्सिंगसोबत मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि बुद्धिमापनही असतं. रास्तच आहे. मध्यरात्री कॅज्युअल्टीत अपघाताची केस आली तर समासाचा विग्रह यायला नको? शीर सापडते का, हे मात्र कुणी विचारत नाही. मुलाखत नसते, हे तेवढं बरं. असती तर ‘ओळख’ नावाचा आणखी एक पेपर निघाला असता, आणि तो कधीच फुटला नसता.

खरी परीक्षा कागदपत्र पडताळणीची. दहावीच्या सनदेवर माहेरचं नाव, नर्सिंग डिप्लोमाच्या, म्हणजे जीएनएमच्या, गुणपत्रिकेवर तेच पण वेलांटी चुकलेली, नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीवर सासरचं, आधारवर दोन्हींची खिचडी. टेबलापलीकडचा माणूस चार कागद बघून चार बायका मोजतो. मग विवाह नोंदणी दाखला आणा, राजपत्र आणा. लग्न झालं तरी जात वडिलांची आणि नॉन-क्रिमीलेअरला उत्पन्नही आईवडिलांचं, म्हणजे सासरच्या बाईने माहेरच्या तहसीलला खेटे घालायचे. वर लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र: हयात अपत्यं किती? दोनच, साहेब. ड्युट्या बघता तेवढी झाली हेच नशीब. हे सगळं जमवायला सुट्टी लागते, आणि ती मागायची इंचार्ज सिस्टरकडे, कारण ही पोरगी बेरोजगार मुळीच नसते.

ती त्याच जिल्हा रुग्णालयात, त्याच वॉर्डात कंत्राटावर असते. राष्ट्रीय आरोग्य अभियानात स्टाफ नर्सला महिन्याला वीस हजारांच्या आसपास. शेजारच्या खाटेवर इंजेक्शन देणाऱ्या कायम सिस्टरचं मूळ वेतनच ३५,४०० पासून सुरू होतं. सुई एकच, शिव्या देणारे नातेवाईकही एकच. करार अकरा महिने एकोणतीस दिवसांचा. पूर्ण वर्ष भरलं तर हिला हक्क सांगायची बाधा होईल, म्हणून एक दिवसाचं विलगीकरण. २०२२ च्या मे महिन्यात परिचारिका बाह्यस्रोत भरतीविरुद्ध संपावर गेल्या, तेव्हा रुग्णसेवेची केवढी काळजी वाटली सगळ्यांना! रिकाम्या जागांनी तीच सेवा वर्षानुवर्षं अडवली, पण रिकाम्या जागेला नोटीस कशी बजावणार?

मग कुणी सांगतं, राज्याचा नाद सोड, एम्सचा फॉर्म भर. २०२० पासून त्यांची ‘नॉरसेट’ ही सामाईक परीक्षा आहे, नागपूरचं एम्सही त्यातच येतं. पण जीएनएमवाल्यांना किमान पन्नास खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव हवा. तालुक्याच्या वीस खाटांच्या नर्सिंग होममध्ये एकटीने नाइट काढून तीन वर्षं घासलेली पोरगी तिथे कोरी पाटी. तीन मजले सांभाळले असतील, पण खाटा मोजा ना!

समजा राज्याच्याच भरतीत सगळं जुळलं. निवड यादीत नाव आलं, प्रतीक्षा यादीतल्या मैत्रिणीने बोलणं टाकलं, आणि एके दिवशी नियुक्ती आदेश हातात पडला. इतकी वर्षं जांभया देणारं खातं या एका कागदावर घाईला आलेलं असतं: दिलेल्या मुदतीत रुजू न झाल्यास निवड रद्द समजण्यात येईल. रुजू व्हायला वैद्यकीय तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र लागतं. ते जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयातून मिळतं, म्हणजे ती स्वतः राबते त्याच इमारतीतून. तिथल्या खिडकीवर उत्तर तयार असतं: “पुढच्या आठवड्यात या. सध्या स्टाफ कमी आहे.”