दोन तोतये

काडतूस खोटे असले म्हणून ते ओबडधोबड का असावे, या माझ्या प्रश्नाला सौभाग्यवतींनी उत्तर दिले नाही. त्यांनी स्वयंपाकघरातला वजनकाटा माझ्या हातून काढून घेतला आणि त्यावर सांडलेली मसुरीची डाळ वेचायला सुरुवात केली.

माझी बारा बोअरची दुनळी बंदूक उघडली की आतील दोन्ही घोडे आपोआप चढतात आणि मिटली तरी ते तसेच चढलेले राहतात. कमानींवरचा हा ताण उतरविल्यावाचून बंदूक कपाटात ठेवू नये, आणि रिकाम्या घरावर चाप ओढून आतल्या टोचणीला विनाकारण धक्काही देऊ नये, असा जुन्या शौकिनांचा दंडक असल्याने, त्या टोचणीचा आघात झेलण्यापुरती मऊ बुडाची दोन निर्जीव काडतुसे बाळगावी लागतात. नव्या बंदुकांना याची फारशी गरज नसते. पण माझी बंदूक जुनी आहे आणि मी तिच्याहून जुना. घरच्या घरी, दिवाणखान्यातील काल्पनिक कबुतरांवर नेम धरण्याचा सराव करतानाही याच काडतुसांचा उपयोग होतो. अशी जोडी इथल्या कोणत्याही दुकानात एका जेवणाच्या खर्चात मिळते. परंतु न्यू जर्सीच्या पोलीस कचेरीत बोटांचे ठसे देऊन आणि आपल्या चारित्र्याविषयी साक्ष देणाऱ्या दोन प्रतिष्ठित व्यक्तींची नावे सादर करून ज्याने परवाना मिळविला, त्याने काडतूस म्हणून प्लास्टिकचे खेळणे विकत आणावे हे मला अप्रतिष्ठेचे वाटले.

प्रथम नाव हवे होते. 'काडतूस' हा शब्द पोर्तुगीजांनी दिला, 'बंदूक' अरबांकडून आली. मग या नकलेला निदान मराठी दौलतीतले नाव असावे म्हणून मी तिला 'तोतया' म्हणू लागलो, आणि तिथेच माझा दिवस वाया गेला. कारण मी रत्नागिरीचा, आणि पानिपतावर पडलेल्या सदाशिवरावभाऊंच्या नावाने उभा राहिलेला तोतया आमच्याच किल्ल्यात कैदेत होता. सुखनिधान नावाचा तो कनोजी ब्राह्मण. पण खुद्द किल्ल्याचा बंदोबस्त ज्यांच्याकडे होता ते रामचंद्र नाईक परांजपेच त्याला भाऊसाहेब मानून मुजरे करू लागले, कोकणातले किल्ले एकामागून एक त्याच्या स्वाधीन होऊ लागले, आणि 1776 मध्ये पुण्यात त्याला देहान्ताची शिक्षा झाली तेव्हा पानिपतास पंधरा वर्षे लोटली होती. पंधरा वर्षांत माणसाचा चेहरा किती बदलतो याची अटकळ मला पारपत्रावरील माझ्या छायाचित्रामुळे आहे, तेव्हा नाइकांना मी फार दोष देत नाही. मनात घर करून राहतात त्या भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई: भाऊसाहेब परत येतील या आशेवर त्यांनी अखेरपर्यंत कुंकू पुसले नाही, आणि बाहेर ज्याच्या नावाने दंगल चालली तो आपला नव्हे, हे ऐकण्याची वेळही त्यांच्यावरच आली. मी हे सर्व सौभाग्यवतींना सांगितले. त्या म्हणाल्या, "डाळ कोण भरणार?"

माझा तोतया मात्र पकडला जाता कामा नये, असा निर्धार मी केला होता. उडवलेल्या दोन लाल नळकांड्या दातांच्या पेस्टने घासल्या. बुडाची जळकी टोपी काढून तिथे पेन्सिलीमागचे रबर बसविले आणि त्यावर चंदेरी रंग दिला. डाळीने वजन भरेना, म्हणून मासे धरण्याच्या गळाचे शिसे घातले. खुळखुळू नये म्हणून वर मेण ओतले. तोंडाच्या घड्या गरम चमच्याने दाबून जशाच्या तशा बसविल्या. तुलनेसाठी, वजन ग्रॅमभरही चुकू नये म्हणून, एक खरे काडतूस मी ओट्यावर आणून ठेवले होते. एवढ्यात फोन वाजला. परत आलो तेव्हा माझी आठ वर्षांची नात ओट्याशी उभी होती, आणि तिने तिन्ही काडतुसे नीट रांगेत मांडून ठेवली होती.

"आजोबा, यातलं खरं कोणतं?"

मला सांगता येईना.

या देशात खोट्या काडतुसांनी घडविलेले अनर्थ मला ठाऊक नव्हते असे नाही. 1993 साली नॉर्थ कॅरोलिनातील विल्मिंग्टनला एका चित्रपटासाठी खऱ्या काडतुसांतली दारू तेवढी काढून, बुडाच्या टोप्या मात्र जिवंत ठेवून तोतये बनविले गेले. अशा एका टोपीच्या जोराने गोळी नळीत अडकली, पुढे नुसत्या आवाजाच्या काडतुसाने ती बाहेर ढकलली, आणि ब्रँडन ली नावाचा अठ्ठावीस वर्षांचा नट गेला. 2021 मध्ये न्यू मेक्सिकोत दुसऱ्या चित्रपटाच्या वेळी खोट्यांत खरे मिसळले आणि छायालेखिका हॅलिना हचिन्स मारल्या गेल्या. म्हणून चित्रपटांतल्या खोट्या काडतुसाच्या अंगाला छिद्र पाडतात किंवा पोटात छर्रा घालतात, म्हणजे कानाशी हलविताच ते आपण खोटे असल्याचे कबूल करते. मी मात्र मेण ओतून त्याची वाचाच बंद केली होती.

मी तिला मागे सरायला सांगितले. ती नुसती सरली नाही. दिवा मालवून, दार लावून, शेजारच्या खोलीत टेबलाखाली जाऊन बसली आणि मी हाक मारीपर्यंत तिने चकार शब्द काढला नाही. असे बसण्याचा सराव तिच्या शाळेत घेतात, हे मला माहीत होते. ती ते इतक्या सफाईने करते, हे माहीत नव्हते.

मग मी एकेका काडतुसाच्या बुडाला नख लावून पाहिले. दोन ठिकाणी चंदेरी रंगाखालचे रबर दबले. तिसरे दबले नाही. ते कुलपात गेले, त्यानंतर मी खाली तळघरात जाऊन दोन्ही तोतयांच्या पोटातून आरपार गिरमिट फिरविले, आणि मेणाचे व शिशाचे ओले भुगे माझ्या विजारीवर पडले. वर आल्यावर नातीने आपली जाड काळी लेखणी आणून, रविवारच्या मराठी शाळेत शिकलेल्या अक्षरांत दोन्हींवर लिहून दिले: 'खोठे'. ठ चुकला आहे हे मी तिला सांगितले नाही, सौभाग्यवतींनी सांगितले. पण तोवर शाई वाळली होती.