निघताना ‘कुठे?’ विचाराच

आमच्या तालुक्याच्या गावी एसटी स्टँडसमोर एक दुकान आहे. झेरॉक्स, मराठी टायपिंग, ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील. ते चालवणाऱ्या ताई सकाळी शटर उचलतात त्या रात्रीपर्यंत खुर्चीवरून हलत नाहीत. टेबलावर कॉम्प्युटर एकच. गेल्या आठवड्यात एका कामासाठी त्यांच्या शेजारी बसलो होतो. सहज पडद्याकडे नजर गेली आणि पोटात गोळा आला. आधार कार्डांचे स्कॅन, सातबारे, जातीचे दाखले, रेशनकार्डं, पासबुकांची पहिली पानं, बारावीच्या मार्कलिस्टा. ‘आधार नवीन’, ‘आधार नवीन २’, ‘आई पॅन’, ‘काकू सही’. अर्ध्या तालुक्याची कागदपत्रं एका डेस्कटॉपवर.

यात ताईंचा दोष नाही. गिऱ्हाईक महिन्याभराने पुन्हा येतं आणि म्हणतं, ‘मागच्या वेळचंच लावा की.’ म्हणून त्या फाइली ठेवतात.

मी विचारलं, ‘ताई, यातले कुठले कुठले प्रोग्राम इंटरनेटवर जातात?’

‘क्रोमच की, दादा. नेट त्याच्यावरच चालतं ना?’

शिकलेली, नोकरीधंद्यातली कितीतरी माणसं हेच उत्तर देतात. इंटरनेट म्हणजे ब्राउझर, आणि बाकीचे प्रोग्राम आपापल्या जागी गप्प बसलेले. मी विंडोजमधला रिसोर्स मॉनिटर उघडला आणि त्यातलं नेटवर्कचं पान ताईंसमोर धरलं. कुठला प्रोग्राम या क्षणी कुठल्या पत्त्याशी बोलतोय, किती पाठवतोय, किती घेतोय, हे तिथे ओळीने दिसतं. पीडीएफ जोडणारा एक फुकट प्रोग्राम त्या यादीत होता. ताईंनी त्याची खिडकी तासाभरापूर्वी बंद केली होती. फोटोची पार्श्वभूमी पांढरी करणारा एक होता. स्कॅनरसोबत आलेला एक होता. ‘कॉम्प्युटर फास्ट करतो’ म्हणून कुणीतरी टाकून दिलेला एक होता. सगळे बाहेर काहीतरी बोलत होते. असेल, कुणी फक्त नवी आवृत्ती आली का एवढंच विचारत असेल. पण संभाषण कुलूपबंद असतं, त्यामुळे आत काय आहे ते ना ताईंना वाचता येत, ना मला. आणि त्याच मशीनवर ‘काकू सही’ पडलेली आहे.

एमआयडीसीतल्या एखाद्या कारखान्याच्या गेटवर सुट्टीच्या वेळी उभं राहून बघा. आत येणाऱ्याची नोंद होते, आणि बाहेर पडणाऱ्याची पिशवीही उघडून बघतात. गेटपासशिवाय पत्र्याचा तुकडा बाहेर जात नाही. कॉम्प्युटरवर मात्र वीसेक वर्षं आपण फक्त आत येणाऱ्याला अडवत आलो आहोत. २००३ साली ब्लास्टर नावाचा वर्म उघड्या वाटांनी लाखो विंडोज मशीनमध्ये शिरला, आणि ऑगस्ट २००४ मध्ये विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकबरोबर मायक्रोसॉफ्टने फायरवॉल आपोआप चालू करून दिली. चांगलं केलं. पण ती फक्त बाहेरून येणाऱ्याला रोखायची. आतून निघालेल्याला रोखण्याची सोय २००७ साली विंडोज व्हिस्टात आली आणि ती आजही आहे. फक्त दार मुळातच सताड उघडं ठेवून दिलंय. तुम्ही स्वतः जाऊन एखाद्याला बंदी केलीत तरच तो अडतो; नाहीतर मशीनवर बसलेला प्रत्येक प्रोग्राम हवं तेव्हा, हवं तिथे जाऊ शकतो. मशीनचा मालक कोण, या प्रश्नाचं उत्तर त्या एका सेटिंगमध्ये आहे.

आपल्याकडे घराबाहेर पडणाऱ्याला ‘कुठे?’ विचारू नये म्हणतात; विचारलं की काम होत नाही. माणसांपुरता हा संकेत खुशाल पाळा. प्रोग्रामला मात्र उंबऱ्यावर थांबवून ‘कुठे?’ हे विचारलंच पाहिजे, आणि विचारल्यामुळे त्याचं काम बिघडलं तर बिघडू द्या.

हे विचारण्याची पद्धत नवी नाही. २००० सालच्या आसपास झोनअलार्म नावाचा प्रोग्राम घरगुती वापराला फुकट मिळायचा. डायलअपच्या काळात ज्यांनी तो वापरला त्यांना आठवेल: एखादा प्रोग्राम पहिल्यांदा नेटवर जायला निघाला की तो थांबवून विचारायचा, याला जाऊ देऊ का? हो, नाही, आणि ‘हे उत्तर लक्षात ठेव’ अशी एक चौकट. माझ्या पिढीतल्या पुष्कळांना आपल्या मशीनवरचे प्रोग्राम गुपचूप बाहेर जातात हे पहिल्यांदा त्या खिडकीने सांगितलं. मॅकवाल्यांसाठी व्हिएन्नातल्या एका छोट्या कंपनीचा लिटल स्निच २००३ पासून हेच काम करतोय. मॅकसाठीच सुरक्षा-संशोधक पॅट्रिक वॉर्डल यांचा लुलू फुकट आहे. लिनक्सवर ओपनस्निच आहे.

आणि मोठ्या कंपन्यांना हे किती खुपतं ते बघायचं असेल तर नोव्हेंबर २०२० आठवा. १२ तारखेला ॲपलने मॅकची बिग सर ही आवृत्ती सोडली. त्याच दिवशी जगभरातल्या मॅकवर ॲप उघडेनात. कारण मागाहून कळलं: ॲप उघडताना मॅक ते बनवणाऱ्याचं प्रमाणपत्र अजून चालू आहे का, हे ॲपलच्या सर्व्हरला विचारतो, आणि तो सर्व्हर त्या दिवशी धापा टाकत होता. ज्यांनी नेट बंद केलं त्यांची ॲप झटक्यात उघडली. स्वतःच्या पैशाने घेतलेल्या मशीनवर स्वतःचं ॲप उघडायला बाहेर कुणालातरी विचारावं लागतं, हे लोकांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. त्याच बिग सरमध्ये ॲपलने स्वतःची बरीच ॲप या दारवानांच्या नजरेतून वगळली होती. लिटल स्निच लावा की लुलू, ॲपलच्या त्या ॲपची ये-जा दिसायचीच नाही. वॉर्डल यांनी दाखवून दिलं की याच सवलतीच्या आडून चोरही बाहेर पडू शकतो. आरडाओरड झाली आणि २०२१ च्या सुरुवातीला ॲपलने ती सवलत काढून टाकली. ओरडलं की ऐकतात, हे मी मुद्दाम नोंदवून ठेवतोय.

आता खिशातल्या फोनकडे या. खरा राग तिथे येतो.

अँड्रॉइडवर एखाद्या ॲपला कॅमेरा हवा असेल तर ते विचारतं. माइक, लोकेशन, फोनमधले नंबर, सगळ्यासाठी विचारतं. २०१५ पासून हा नियमच आहे. इंटरनेटसाठी विचारत नाही. इंटरनेटची परवानगी ‘साधारण’ गटात टाकलेली आहे. ॲप बनवणाऱ्याने मागितली की मिळाली, तुमच्यापर्यंत प्रश्न येतच नाही. तुमचं लोकेशन ॲपला कळणं धोक्याचं, आणि कळलेलं लोकेशन फोनबाहेर नेणं साधारण? हे मला कुणीतरी समजावून सांगावं. गोळा केलेली माहिती फोनमध्येच राहिली तर तिचा बाजार कसा होईल? बाजार होतो तो बाहेर नेल्यावर. ज्या दारावर सगळ्यात कडक पहारा हवा ते एकच दार पहाऱ्यातून वगळलं आहे.

कल्पनेतली भीती वाटत असेल तर टॉर्चची गोष्ट ऐका. ‘ब्रायटेस्ट फ्लॅशलाइट’ नावाचं अँड्रॉइड ॲप होतं. काम एकच, दिवा लावायचा. कोट्यवधी लोकांनी ते घेतलं होतं. डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ते बनवणाऱ्याला धरलं. ॲप माणसाचा नेमका ठावठिकाणा आणि फोनचा ओळखक्रमांक जाहिरातवाल्यांकडे पाठवत होतं, आणि अटी मान्य आहेत की नाही हे बटण दाबायच्या आधीच पाठवायला सुरुवात करत होतं. टॉर्चला इंटरनेट कशाला लागतं? हा प्रश्न फोनने पहिल्याच दिवशी विचारला असता तर शाळकरी मुलानेही ‘नाही’ दाबलं असतं.

शाळकरी मुलांचं उगाच म्हणत नाही. गेम उघडण्याआधी डेटा बंद करायचा म्हणजे मध्येमध्ये जाहिरात येत नाही, हे आमच्या घरातल्या आठ वर्षांच्या पोराने स्वतः शोधून काढलंय. त्याला फायरवॉल हा शब्द माहीत नाही. पण या गेमला बाहेर जायची गरज नाही, एवढं त्याला पक्कं कळलंय. फक्त त्याच्या हातात एकच खटका आहे, आख्ख्या फोनचा. गेमची वाट बंद करायची तर आईचा व्हॉट्सॲपही बंद पडतो.

आणि ही सोय करता येत नाही असंही नाही. ग्राफीनओएस ही अँड्रॉइडवरच उभारलेली प्रणाली प्रत्येक ॲपला कॅमेऱ्यासारखाच इंटरनेटचा खटका देते. काही चिनी कंपन्यांच्या फोनांत ॲपवार डेटा आणि वायफाय बंद करायची सोय सेटिंगमध्ये मिळते. आयफोन आपल्याकडे ॲपवार फक्त मोबाइल डेटा बंद करू देतो, वायफायवर ॲप मोकळंच. पण चीनमध्ये विकलेल्या आयफोनवर ॲप पहिल्यांदा नेट मागतं तेव्हा दोन्हींबद्दल विचारलं जातं. कंपनी तीच, फोन तोच. मग पुण्यातल्या किंवा पणजीतल्या गिऱ्हाइकाला हा प्रश्न का विचारला जात नाही?

म्हणतात, लोकांना सारखं विचारलं की लोक कंटाळून ‘हो’ दाबतात. यात तथ्य आहे. झोनअलार्मच्या खिडकीत ‘एसव्हीसीहोस्ट’ असलं नाव आलं की भल्याभल्यांना काही कळायचं नाही. पण कॅमेऱ्याबद्दल विचारतातच ना? ॲप बसवताना एकदा, मराठीत, सरळ वाक्यात विचारा. दुसरं म्हणतात, फुकट ॲप जाहिरातीवर चालतात. चालू देत. मग तसं स्पष्ट लिहा, की नेट दिलं नाही तर हे ॲप चालणार नाही. ज्याला पटेल तो घेईल. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आणि २०२३ साली डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला. कायद्यात संमतीला मोठं स्थान आहे. फोनमध्ये ती संमती नोंदवायला साधा खटका नसेल तर ती कागदावर राहते.

तोवर हातात आहे ते करायचं. फोनवर नेटगार्डसारखं ॲप रूट न करता ॲपवार नेट बंद करतं. ते व्हीपीएनची जागा वापरतं, त्यामुळे त्याच वेळी दुसरं व्हीपीएन चालत नाही. विंडोजवर तर वेगळं काहीच बसवावं लागत नाही. ताईंच्या मशीनवर आम्ही तेच केलं. ‘डब्ल्यूएफ डॉट एमएससी’ टाइप करून फायरवॉलचं मोठं पान उघडलं. डावीकडे आउटबाउंड रूल्स, उजवीकडे न्यू रूल, त्यात प्रोग्राम निवडून त्याची ‘ईएक्सई’ फाइल दाखवली, ब्लॉक दाबलं, तिन्ही चौकटी तशाच ठेवल्या, नाव दिलं. एका प्रोग्रामला दोन मिनिटं. विंडोज अपडेट आणि अँटिव्हायरसला हात लावला नाही, कुणी लावूही नये. स्कॅनरचा प्रोग्राम बंद केला तर स्कॅनच होईना. यंत्र वायफायवर होतं आणि प्रोग्राम त्याच वाटेने त्याच्याशी बोलत होता. तो नियम काढून टाकला. आणखी एक लक्षात ठेवा: हा नियम फाइलच्या पत्त्यावर चालतो. प्रोग्रामची नवी आवृत्ती दुसऱ्या फोल्डरात जाऊन बसली की नियम तिथेच राहतो आणि प्रोग्राम मोकळा सुटतो. म्हणून अधूनमधून यादी बघावी लागते.

याने सगळं अडतं असं मी म्हणणार नाही. मशीनचा पूर्ण ताबा मिळालेला व्हायरस फायरवॉलचे नियमच बदलून टाकतो, किंवा ब्राउझरच्या आडून निघतो. पण २०१७ ची सीक्लीनरची गोष्ट विसरू नका. कॉम्प्युटर साफ करणारा नावाजलेला प्रोग्राम, अधिकृत जागेवरून घेतलेला, कंपनीची सही असलेला. त्याच्या एका आवृत्तीत चोरांनी आपला कोड घुसवला होता. मशीनचं नाव, त्यावर काय काय बसवलंय याची यादी तो बाहेर पाठवायचा. ही आवृत्ती सुमारे २२.७ लाख मशीनवर पोचली होती. यात वापरणाऱ्याने काहीच चूक केलेली नव्हती. फक्त कचरा साफ करणाऱ्या प्रोग्रामला बाहेरची वाट लागते का, एवढं त्याला कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तर त्या चोरांची वाट बरीच बिकट झाली असती.

काम संपवून मी चहा प्यायला समोर गेलो. परत आलो तर ताईंनी एका वाया गेलेल्या झेरॉक्सच्या पाठीमागे बॉलपेनने मधोमध रेघ मारली होती. डावीकडे लिहिलं होतं ‘नेट लागतं’, उजवीकडे ‘नेट लागत नाही’. मशीनवरचा एकेक प्रोग्राम उघडून बघत त्या नावं लिहीत होत्या. डावीकडे चार झाली होती. उजवीकडे अकरावं नाव लिहिताना त्यांनी विचारलं, ‘दादा, हे कुणी टाकलं इथं?’