दाजींना ऱ्होनची लाल वाईन पाजण्याची शास्त्रोक्त पद्धती

फ्रान्सला नोकरी करणारा भाचा वडूजला येताना कोत द्यु ऱ्होनची बाटली आणतो. तासगावहून त्याचे वडील, म्हणजे आमचे दाजी, निघाले असतील तर पुढील नियम सक्तीचे समजावेत.

1. बाटली देवघराकडच्या कपाटात ठेवू नये.

2. 'रूम टेम्परेचरला प्यायची' असं भाचा बजावेल. ती रूम युरोपातली, 16 ते 18 अंशांची. वडूजला एप्रिलमध्ये आधी अर्धा तास फ्रिज दाखवावा. भाच्याने नाक मुरडलं तर त्याला माळवदावरच्या पत्र्याच्या खोलीत झोपायला द्यावं.

3. बूच काढायचं हत्यार घरात नसतं. हार्डवेअरच्या दुकानातला लांब स्क्रू बुचात पिळून पकडीनं ओढावा. बूच आत पडलं तर चहाच्या गाळणीतून ओतावी. चवीला काही होत नाही.

4. रुखवतातले काचेचे ग्लास आता तरी खाली काढावेत. तिसरा हिस्साच भरावा, वरची जागा वासासाठी. दाजी "मोजून देताय व्हय?" असं विचारतील. उत्तर देऊ नये.

5. भाच्याचं व्याख्यान होऊ द्यावं. ग्रनाश द्राक्ष फळाचा स्वाद आणि दारूचा जोर देतं, सिरा रंग आणि मिऱ्याचा वास, मूर्वेद्र तुरटपणा. नाशिककडचं शिराज ते हेच सिरा. मग तो शातोनफ-द्यु-पाप या वाईनच्या गावावर घसरेल: तिथल्या महापौरांनी 1954 साली उडत्या तबकड्यांना गावाच्या हद्दीत उतरायला बंदी घातली. दाजी विचारतील, "मग उतरल्या का?" नाही उतरल्या. "मग चांगला होता की महापौर."

6. सोडा आणि स्प्राईट आधीच लपवावं. "गोड बी न्हाई, चढत बी न्हाई," अशी तक्रार येईल. यीस्टनं सगळी साखर खाऊन तिची दारू केलेली असते, म्हणून गोडी नाही. चढण्याचं म्हणाल तर चौदा टक्क्यांच्या आसपास असते. दाजींना ते उठताना कळतं.

7. तिखटजाळ रस्सा वाढू नये. दारू आणि तुरटपणा मिळून तिखट आणखी भडकवतात. बेताच्या चटणीचं, चरबीचं सुकं मटण आणि बाजरीची भाकरी ठेवावी. चरबीनं तुरटपणा मऊ पडतो.

आता नियम राहू देत. भाचा बाटलीवरचं लेबल वाचून बोलतो. दाजींनी पहिला घोट जिभेवर घोळवला आणि म्हणाले, "साल अन् बी सकट आंबवलंय. आमच्या सोनाका द्राक्षाची साल पातळ, बी न्हाई. त्याला ही चव यायची न्हाई." लेबलावर यातलं काही नव्हतं, आणि बरोबर तेच होतं. सरकारनं पलूसला वाईन पार्क काढलं, पण तासगावचा माल अजून बाजारात नाहीतर बेदाण्याच्या शेडवरच जातो. त्यामागचं कारण दाजींनी एका घोटात सांगितलं, तेही भाच्याला "गप रे" म्हणत.

8. उरलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये ठेवावी आणि तीन-चार दिवसांत संपवावी. त्यासाठी भाच्याची गरज नाही. दाजींना ठेवून घ्या, आणि सोडा लपवलेलाच राहू द्या.