खांब क्रमांक चौदावरच्या फ्लेमिंगोस अनावृत पत्र

श्री. रा. रा. फ्लेमिंगोराव,
मुक्काम खांब क्रमांक १४, उड्डाणपुलाखाली (पूर्व) यांस,



हे पत्र पाहून तुम्ही चकित व्हाल. आपली तशी ओळख नाही. सकाळची लोकल गाठायला मी रोज तुमच्या पायाखालून धावतो, एवढाच परिचय. पण नातं मात्र जवळचं आहे. तुम्ही आमच्या नाटकाचं अनुदान आहात.

उपनगराचं नाव लिहीत नाही. ते खाडीच्या अलीकडे की पलीकडे, हेही सांगत नाही. आमचा दुसरा अर्ज अजून टेबलावर आहे. त्यावर वजन ठेवायची आमची ऐपत नाही. निदान तो वाऱ्यानं उडू नये, एवढी काळजी घ्यायला हवी.

तर आमचं मंडळ म्हणजे चौदा माणसं, एक पेटी, एक मृदंग आणि एक लोखंडी ट्रंक. माणसांत एक रिक्षावाला, एक परिचारिका, एक निवृत्त पोस्टमन, दोन कॉलेजातल्या मुली आणि बाकीचे माझ्यासारखे, घरच्यांच्या मते रिकामटेकडे. आमच्यापैकी निम्म्यांचे वडील गिरणीत होते. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांची धुराडी थंडावत गेली आणि लालबाग-परळची माणसं लायनीच्या टोकाकडे सरकत गेली. येताना त्यांनी भांड्याकुंड्यांबरोबर मृदंग आणले, झांजा आणल्या, नमनाची सोंगं आणि शक्ती-तुऱ्याचे सवाल-जवाब आणले. परळला दामोदर हॉल होता, १९२२ सालचा. इथं आम्हाला सोसायटीची गच्ची होती. मग सोसायटी पुनर्विकासाला गेली. नव्या गच्चीवर टाक्या आल्या, मोबाइलचा टॉवर आला आणि आम्ही खाली आलो. खाली म्हणजे तुमच्या पुलाखाली. तेव्हा तुम्ही नव्हतात. खांब नुसता करडा होता.

अशात कुणीतरी सांगितलं की वस्तीपातळीवरच्या कला उपक्रमांना अनुदान मिळतं. मी अर्ज आणला. त्याला जोडायची कागदपत्रं अशी: धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी, तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद, पॅन, कार्यकारिणीच्या ठरावाची प्रत, रद्द केलेला धनादेश, उपक्रमाचं अंदाजपत्रक आणि प्रत्येक बाबीसाठी तीन दरपत्रकं. कपडेपटाची तीन मिळाली, ध्वनिक्षेपकाची तीन मिळाली. लेखकाची तीन कुठून आणायची? शेवटी आमच्याच लेखकानं तीन वेगळ्या पेनांनी, तीन वेगळ्या रकमांची दरपत्रकं लिहून दिली. त्यातलं सगळ्यांत कमी दराचं ग्राह्य धरलं गेलं. रक्कम शून्य. गेली अठरा वर्षं तो त्याच दरानं लिहितो आहे.

मग त्रुटीपत्र आलं: ‘मंडळाच्या कार्यालयाचा भाडेकरार जोडावा.’ आमचं कार्यालय माझ्या खाटेखालच्या ट्रंकेत आहे. बायकोशी भाडेकरार करायचा विषय काढला, तर तिनं खाटेखालची जागाच मोकळी करून मागितली. तीही पूर्तता कशीबशी झाली. मग कळलं की पैसे आधी मिळत नाहीत. आधी खर्च करायचा, पावत्या जोडायच्या, मग प्रतिपूर्ती. थोडक्यात, ज्याला अनुदानाची गरज नाही त्यालाच ते मिळू शकतं. या अटीचं मला कौतुक वाटतं. गरजू माणसं आपोआप गळतात, छाननीचा त्रास वाचतो.

आता मूळ मुद्दा. अर्जाचा विषय मी स्वतः लिहिला होता: ‘परिसरातील हौशी रंगकर्मास अर्थसाहाय्य मिळणेबाबत.’ त्याला आवक क्रमांक पडला, गोषवारा झाला, टिपणी झाली. या टेबलावरून त्या टेबलावर जाताना ‘रंगकर्मा’चा रफार कुठंतरी गळून पडला आणि शेजारी काना उगवला. नस्तीवर विषय झाला, ‘परिसरातील हौशी रंगकामास अर्थसाहाय्य.’ दोष कुणालाच देत नाही, माझं अक्षर शाळेपासून वाईट आहे. पण हौशी रंगकाम म्हणजे काय, असा प्रश्न एकाही टेबलाला पडला नाही. उलट तोवर सुस्त पडलेली नस्ती टुणकन उठून बसली. सांस्कृतिक म्हणून ती सात महिने झोपली होती, स्थापत्य म्हणून ती पंधरा दिवसांत धावायला लागली.

कनिष्ठ अभियंता टेप घेऊन आले. “क्षेत्रफळ किती?” मी म्हटलं, “तालमीपुरतं वीस बाय वीस बास होईल.” त्यांनी लिहून घेतलं. “कोट किती?” आमच्या ट्रंकेत दोन कोट होते, एक वकिलाचा, एक फौजदाराचा. मी म्हटलं, “दोन.” तेही लिहून घेतलं. “प्राइमर मारून घेऊ ना?” मला वाटलं, तालमीला खोली देताहेत तर रंगवूनच देताहेत. माझा कंठ दाटून आला. मंडळानं त्या रात्री वडापाव वाटले.

महिन्याभरात तुम्ही प्रकट झालात. वीस फूट उंच, गुलाबी, एका पायावर. पायाशी पाटी, तिच्यावर संकल्पना कुणाची, प्रयत्न कुणाचे, निधी कुणाचा, अशा तीन ओळी आणि तीन नावं, तुमच्या चोचीपेक्षा ठळक. ज्या पोरानं भर उन्हात परांचीवर उभं राहून तुमचा डोळा काढला, त्याचं नाव कुठंच नाही. त्याच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. डोळा उत्तम काढला आहे. आम्ही रात्री तालीम करायला आलो, तेव्हा तो डोळा आमच्याकडेच बघत होता. दुसऱ्या दिवशी सुरक्षारक्षक आला आणि म्हणाला, ‘सुशोभित जागेत’ बसता येणार नाही. अशा रीतीनं आमच्याच अनुदानानं आम्हाला आमच्या जागेवरून उठवलं.

फ्लेमिंगोराव, राग तुमच्यावर नाही. मी फक्त विचार करतो की तुम्हाला पैसे मिळतात आणि आम्हाला मिळत नाहीत, यात तुमचा नेमका गुण कोणता? पहिला गुण असा की तुम्ही मोजता येता. चौरस फुटाला दर लावता येतो, मोजमापवहीत नोंद होते, दोन कोट दिले की नाही ते नखानं खरवडून बघता येतं. नाटकातल्या मुलीचा आवाज तिसऱ्या रांगेपर्यंत पोचला, याची नोंद कोणत्या वहीत करायची? दुसरा गुण, तुमचा आधी आणि नंतर असा जोडफोटो निघतो. आमच्या रिक्षावाल्याचा नाटकाआधीचा आणि नाटकानंतरचा फोटो काढला तर दोन्हीत तो घामेजलेलाच दिसतो. तिसरा गुण सगळ्यांत मोठा. तुम्ही बोलत नाही. आम्हाला महाराष्ट्रात नाटक करायचं तर संहिता आधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र आणावं लागतं. तुमच्या चोचीचं परिनिरीक्षण कुणी केलं नाही. गरजच नव्हती.

तुमचं खानदान मोठं आहे हे मी जाणतो. २०२२ च्या अखेरीस मुंबईत सौंदर्यीकरणाचा प्रकल्प निघाला, तेव्हा खर्चाचा आकडा सतराशे कोटींच्या घरातला सांगितला गेला. भिंती रंगल्या, पुलांखालच्या जागा सजल्या, दिव्यांच्या खांबांना रोषणाईच्या माळा गुंडाळल्या गेल्या. उपनगरवासीयांना पहिल्यांदाच आपल्या गल्लीत बारा महिने कुणाचं तरी लग्न असल्यासारखं वाटू लागलं. तुमचे खरे भाऊबंद मात्र दर हिवाळ्यात ठाण्याच्या खाडीत उतरतात, तेही विनानिविदा. २०१५ मध्ये त्यांचं अभयारण्य जाहीर झालं, २०२२ मध्ये खाडीला रामसर दर्जा मिळाला. त्यांच्याविषयी एक गोष्ट तुम्हाला कुणी सांगितली नसेल. फ्लेमिंगो जन्मतः गुलाबी नसतो. पिल्लू करडं असतं, आमच्या जुन्या खांबासारखं. खाडीतलं शेवाळ आणि बारीकसारीक जीव खाऊन त्याला हळूहळू रंग चढतो. त्याला वर्षं लागतात. खाडी नीट राहिली तर रंग येतो, त्यासाठी दोन कोट लागत नाहीत.

राजाश्रयाचा प्रश्न आमच्या रंगभूमीला जन्मापासून चिकटलेला आहे. १८४३ मध्ये सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ केलं, ते तिथले संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयानं. त्यांनी भाव्यांकडे तीन दरपत्रकं मागितल्याचं ऐकिवात नाही. १८५१ मध्ये राजेसाहेब गेले आणि तो आश्रय संपला. भावे मंडळी घेऊन गावोगाव निघाले आणि मुंबईत येऊन त्यांनी तिकीट लावून खेळ केले. मराठी नाटक त्यानंतर बहुतेक काळ तिकिटावरच जगलं. पण तिकिटावर जगणारं नाटक आणि वस्तीतल्या पोरांना पहिल्यांदा उभं करणारं नाटक या दोन गोष्टी आहेत. दुसऱ्याला तिकीट नसतं. तिथं प्रेक्षक म्हणजे नटाची आई, आणि ती डबा घेऊन येते.

नगरं कलेवर खर्च करत नाहीत, असं कुणी म्हणू नये. मुलुंडचं कालिदास, विलेपार्ल्याचं दीनानाथ, बोरिवलीचं प्रबोधनकार ही नाट्यगृहं महापालिकेचीच. ती हवीतच. पण ती म्हणजे लग्नाचा हॉल. संसार करायला खोली लागते, तिचं काय? आपल्याकडे कलावंतासाठी वास्तू होते, स्मारक होतं, चौकाला नाव मिळतं. अण्णाभाऊ साठे घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडीत राहिले. त्यांची ‘फकिरा’ कादंबरी १९५९ सालची. १९६९ मध्ये ते गेले. आता चिरागनगरात त्यांचं स्मारक करायचं शासनानं ठरवलं आहे. स्मारक जरूर व्हावं. आज त्याच वस्तीत कुणी पोरगी वही घेऊन बसली असेल, तर तिच्यासाठी कोणतं लेखाशीर्ष आहे, एवढंच मला विचारायचं आहे. की तिनं आधी मरावं आणि मग अर्ज करावा?

आणि गंमत अशी की महापालिकांनी कलेला दिलेलं सगळ्यांत मोठं अनुदान कुठल्या योजनेत नव्हतंच. १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेनं प्रायोगिक रंगभूमी उभी केली. ती जागा सुटल्यावर त्यांचा संसार माहीमच्या महापालिका शाळेत गेला. शाळा सुटल्यावर रिकामे पडणारे वर्ग, थोडे बाक सरकवून. मराठीतले किती नट, किती दिग्दर्शक त्या वर्गांच्या फरशीवर बसून मोठे झाले! त्यासाठी कुणी कुठला खांब रंगवला नव्हता. फक्त एक दार उघडं ठेवलं होतं.

तेव्हा दुसरा अर्ज मी तसाच केला आहे. त्यात एक हिशेबही जोडला आहे, तुम्ही साक्षीदार म्हणून वाचा. मुंबईत २२७ प्रभाग. प्रत्येक प्रभागात दरवर्षी पाच लाख रुपये वस्तीतल्या कलेसाठी ठेवले, तर होतात ११ कोटी ३५ लाख. मुंबई महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प होता ७४ हजार ४२७ कोटींचा. म्हणजे शंभर रुपयांत साधारण दीड पैसा. सौंदर्यीकरणाच्या त्या सतराशे कोटींच्या तो एक टक्काही होत नाही. निम्मी रक्कम आधी द्या, निम्मी प्रयोग झाल्यावर. निवड प्रभागातल्या शिक्षकांनी, ग्रंथपालांनी आणि जुन्या कलाकारांनी करावी. आणि कोणाचे फोटो फलकावर लावू नयेत. ही शेवटची अट मंजूर होणं अवघड आहे, म्हणून ती मी पेन्सिलीनं लिहिली आहे.

तेवढेही पैसे नसतील तर फक्त जागा द्या. प्रत्येक प्रभागात महापालिकेच्या एका शाळेचा एक वर्ग, संध्याकाळी सात ते दहा. एक पंखा, एक ट्यूबलाइट, आणि चावी शिपाईमामांकडे. बाक आम्ही उचलू, जाताना फळा पुसू. विषय यावेळी मी मोठ्या, सुवाच्य अक्षरात लिहिला आहे आणि त्यात एकही रफार ठेवलेला नाही: ‘शाळेची चावी मिळणेबाबत.’

फ्लेमिंगोराव, या पावसात तुमच्या डाव्या पायाचा रंग सुटला आहे. दोषदायित्वाचा कालावधी संपला असल्यानं ठेकेदार येणार नाही. काळजी करू नका. आमच्या मंडळात एकाला ब्रश धरता येतो. चावी मिळाली की पहिल्या रविवारी येऊन तुमचा पाय रंगवून देऊ. दरपत्रक शून्य रुपयांचं आहे.

आपला,
खांब क्रमांक चौदाचा माजी भाडेकरू